तिच्या वाट्याचं वाक्य

९ ऑगस्ट

ठमे,

आशीर्वाद लिहायचा अधिकार माझ्याकडे उरलाय की नाही ते ठाऊक नाही, म्हणून सरळ कामाचं लिहितो. नवा पत्ता कुठून मिळाला, असं तुझ्या मनात येईल. तुझ्याच पत्रावरून मिळाला. परवा दुपारी पोस्टमनने आईच्या नावाचं पाकीट माझ्या हातात दिलं. एरवी त्या वेळी मी वाचनालयात असतो, सध्या रजेवर आहे. मागच्या बाजूला तुझं नाव होतं आणि शाळेचा पत्ता. मी ते उघडलेलं नाही. आईच्या उशाशी ठेवलंय.

आई जरा पडून असते. काळजीचं कारण नाही.

काम असं आहे. आमच्या एका वाचकाला एक वाक्य आठवतंय, पुस्तक आठवत नाही. वाक्य हे: ‘पाणी उतरलं की मी येईन, असं तो म्हणाला होता.’ त्याला याच्या पुढचं वाक्य हवंय. तीस वर्षं मी ग्रंथपालाची खुर्ची झिजवली, काय वाचावं ते अर्ध्या शहराने मला विचारलं, आणि या एका ओळीपुढे मी हात टेकलेत. वाक्य इतकं साधं आहे की ते कुठल्या मोठ्या लेखकाचं नसावं. शाळेत नेमतात त्यातलं असेल कदाचित. त्या बाबतीत मी कोरा आहे, आणि पाकिटावरून दिसतं की तू तेच शिकवतेस.

चिडू नकोस. माझं मत तुला तोंडपाठ आहे. परीक्षेच्या धाकाने वाचलेलं ते वाचन नव्हे. औषध पिऊन कोणी खवय्या होत नाही. ते मत आजही तसंच आहे, पण वाद घालायला मी हे पत्र लिहीत नाही.

वाचक जरा घाईत आहे. तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडलंय, उलट टपाली कळव.

तुझे वडील

ता.क. पुस्तकाचं नाव आठवत नसेल तरी चालेल. फक्त पुढचं वाक्य पाठव.

२१ ऑगस्ट

ठमे,

पत्र परत आलं. लाल शाईत ‘घेण्यास नकार’ आणि पोस्टाचा शिक्का. मी लावलेलं तिकीटसुद्धा आत तसंच.

तुला दोष देत नाही. चार वर्षांपूर्वी मी तुला तार केली होती: ‘आई अत्यवस्थ, ताबडतोब ये.’ दीड दिवस प्रवास करून तू आलीस तेव्हा आई ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. तुला पाहून तिच्या हातातली सुरी पडली. तिला तारेचं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, एकदा घरात पाऊल टाकलंस की राग आपोआप जाईल. तू पाण्याचा घोटही घेतला नाहीस. दारातून म्हणालीस, ‘आता खरोखर काही झालं तरी तुमच्या अक्षरातलं मी उघडणार नाही, बाबा.’ शब्दाची पक्की आहेस. हट्टीपणा कोणाच्या घराण्यातून आलाय ते सांगायला नको.

तर न उघडणाऱ्या माणसाला खरं लिहायला काय हरकत आहे. वाचक वगैरे कोणी नाही. ते वाक्य आई म्हणते.

पंचवीस जुलैला सकाळी ती कपडे वाळत घालत होती. चिमट्यांची डबी पडल्याचा आवाज आला. मी हातातलं पान संपवून मग उठलो. हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही. अर्धांगाचा झटका होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं आणि हे एक वाक्य मागे राहिलं. पाणी हवं असलं तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. ते ती स्पष्ट म्हणते, एकही अक्षर न चुकता, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत थांबते. मी काहीतरी बोलायला हवं असतं. मी ‘हो, येईल हं’ म्हणून पाहिलं. ‘कोण येईल?’ असं विचारून पाहिलं. ती डोळे मिटून घेते.

बोलणं पुन्हा शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणाल्या, ‘काका, पाठ असलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं. दोऱ्याचं टोक तुमच्या हाताला लागलंय. तुम्ही पुढचं द्या, त्या त्याच्या पुढचं देतील. पण पहिले तीन महिनेच काय ते आपले. नंतर फार अवघड होत जातं.’ मी म्हटलं, मी ग्रंथपाल आहे, उद्या सांगतो. त्याला तीन आठवडे झाले.

आणखी एक. तुझं पत्र मी उघडलं होतं. मागच्या वेळी खोटं लिहिलं. त्यात तू लिहिलंयस: ‘आई, विहीर खणणाऱ्या बाईचं पुस्तक तुला मध्येच कंटाळवाणं झालं असं म्हणतेस, पण शेवटची वीस पानं वाचल्याशिवाय सोडू नकोस. आणि तू सुचवलेलं मी वाचलं, तुझं बरोबर होतं.’ हे मी चार वेळा वाचलं. दुसरीत शाळा सुटलेली बाई तुला पुस्तकं सुचवते? तिची पत्रं कोण लिहून देतं? माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, पुस्तकांच्या शिफारशी चालतात आणि मला गंधवार्ता नाही. राग आला होता. आता राग नाही, भीती वाटते. तिच्याबद्दल मला आणखी काय काय माहीत नाही, याची.

पुढचं वाक्य पाठव.

३० ऑगस्ट

तेही परत आलं. पोस्टमन आता माझ्या नजरेला नजर देत नाही, पाकीट खिडकीत ठेवून जातो.

आई जेवत नाही. घास तोंडात दिला की तसाच राहतो, मग मी बोटाने काढतो. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, ‘त्या कंटाळल्यात. रोज एकच दार वाजवायचं आणि आतून कोणी ओ द्यायची नाही, तर माणूस किती वाजवेल?’ वाक्यही आता कमी झालंय. आधी दिवसातून पन्नासदा म्हणायची, काल सहा वेळा म्हणाली. मी मोजतो. ते बंद पडलं तर माझ्या हाताशी काही राहणार नाही.

मी मला येतं ते केलं. माझी जन्मभराची आवडती पुस्तकं तिच्याजवळ बसून वाचली, ज्यांच्यासाठी लोक माझ्या टेबलासमोर ताटकळत उभे राहायचे. पहिल्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने पुस्तक ढकलून दिलं. पुस्तक पलंगाखाली गेलं. वाकून ते काढताना पलंगाच्या खालच्या आडव्या फळीवर आणखी पाच पुस्तकं दिसली, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. तुझी, म्हणजे तुम्हा दोघींची. पाचही चाळली. वाक्य त्यात नाही.

तुझ्या जुन्या शाळेत जाऊन आलो. तुझ्या वेळचा अभ्यासक्रम दोनदा बदलला, म्हणाले, जुनं काही ठेवलेलं नाही. वाचनालयात तर क्रमिक पुस्तक औषधालाही नाही, कारण ती घ्यायची नाहीत हा नियम माझाच. आणि तुझा तो पुस्तकांचा खण. तू गेलीस त्याच आठवड्यात मी तो रिकामा केला आणि सगळं रद्दीत दिलं. तेव्हा आईने मी बांधलेला गठ्ठा सोडला, एकेक पुस्तक फडक्याने पुसलं, पुन्हा बांधलं. मी म्हटलं, रद्दी कशाला पुसतेस? ती म्हणाली, ‘असू दे, धूळ होती.’ मी हसलो होतो.

आता एकच जागा उरलीय. तुझा तो अर्ज.

तुला आठवत असेलच, पण मलाच नीट मांडून बघायचंय. वाचनालयातलं आतलं कपाट सगळ्यांना उघडं नव्हतं. ते हवं असेल त्याने अर्ज करायचा: वाचलेली दहा पुस्तकं, प्रत्येकापुढे ‘काय उरलं’ हा रकाना. अर्जावर फक्त क्रमांक. नावाची चिठ्ठी वेगळ्या बंद पाकिटात, ओळखीपाळखीचा वशिला नको म्हणून. अर्ज नामंजूर झाला तर पाकीट फोडायचंच नाही, म्हणजे कोणाची शोभा होणार नाही. केवढा अभिमान होता मला या पद्धतीचा.

अर्ज क्रमांक एकेचाळीस मी घरी आणला आणि जेवताना तुम्हा दोघींना वाचून दाखवला. ‘ऐका, दहापैकी दहा शाळेतली. एकही स्वतःहून वाचलेलं नाही. मास्तरने कान पिळले नसते तर या प्राण्याने छापील अक्षर पाहिलं नसतं.’ तू ताटावरून उठलीस. म्हणालीस, ‘ज्याने ही यादी केली त्याची माफी मागा, बाबा. आत्ता.’ मला वाटलं, यादी तुझी आहे आणि चोरी पकडली गेली म्हणून फणकारतेस. मी म्हटलं, ‘का गं, खाई त्याला खवखवे?’ आई वाढत होती. तिने तुझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि तू गप्प झालीस. आठ दिवसांत तू लांबची नोकरी धरलीस. त्याला अकरा वर्षं झाली.

त्या यादीत ते पुस्तक असणार. जुन्या अर्जांची फाईल वाचनालयाच्या माळ्यावर आहे. उद्या लेखनिकाला शिडी धरायला सांगतो.

४ सप्टेंबर

फाईल सापडली.

कुठून सुरुवात करू ते कळत नाही. अर्ज समोर ठेवलाय. अक्षर तुझं नाही. प्रत्येक अक्षर सुटं, काळजीने काढलेलं, शिरोरेषा पट्टीने मारलेली. तेव्हा मला हे कसं दिसलं नाही? मला वाटलं, ठमी अक्षर बदलून लिहितेय.

पाकीट कोणी फोडलेलं नव्हतं. मी फोडलं. चिठ्ठीवर तुझ्या आईचं नाव आहे. व्यवसायापुढे ‘घरकाम’. वाचनालयातल्या कोणाशी नातं आहे का, या प्रश्नापुढे लिहिलंय: ‘आहे. पण त्यांना सांगू नये.’

मी लेखनिकासमोर रडलो. तो बिचारा शिडी धरून तसाच उभा राहिला.

यादीत पहिलं पुस्तक: ‘नावाड्याची कादंबरी, इयत्ता आठवी.’ आणि ‘काय उरलं’ या रकान्यात: ‘पाणी उतरलं की मी येईन, असं तो म्हणाला होता. हे वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. आम्ही एक वाक्य ती, एक मी असं वाचायचो. ती शाळेत गेली की मी माझी वाक्यं घोकून ठेवायची, म्हणजे संध्याकाळी अडायला नको. आठवीपर्यंत मला घोकायची गरज उरली नाही, तरी एकाआड एकच वाचायचो.’

हे वाक्य मी वाचलं होतं, ठमे. मोठ्याने, जेवताना, तुमच्यासमोर. ‘माझ्या वाट्याला आलं होतं म्हणजे काय, वाक्य आहे की वडिलोपार्जित जमीन?’ असं म्हणालोही होतो. ती मला भाजी वाढत होती. आणि आज महिनाभर मी ते वाक्य शहरभर शोधत फिरलो.

खाली माझा शेरा आहे, लाल पेन्सिलीने: ‘गंभीर वाचन नाही. नामंजूर.’

बाकीचे नऊ रकानेही आज वाचले. आतल्या कपाटासाठी मी जे शेकड्याने अर्ज मंजूर केले त्यात लोक भारी भारी शब्द लिहायचे, मलाच खूश करायला. असं कोणीच लिहिलं नव्हतं. एका पुस्तकापुढे तिने लिहिलंय: ‘हे कळलं नाही. पुन्हा वाचलं. अजून कळलं नाही. पण सोडवत नाही.’ याहून गंभीर वाचन काय असतं ते मला आता सांगता येणार नाही. मी चुकलो. तिचा गुन्हेगार आहे आणि तुझाही.

आता समजलं ती थांबते का. तिचं वाक्य झालेलं असतं. पुढचं तुझं असतं. आणि समोर मी बसलेला असतो.

पाकीट तू परत करतेस. कार्डाला पाकीट नसतं. ते परत करायचं तरी त्यावर नजर पडतेच. उद्या कार्ड टाकतो.

५ सप्टेंबर (कार्ड)

‘पाणी उतरलं की मी येईन, असं तो म्हणाला होता.’

आईला झटका आलाय. तिचं सगळं बोलणं गेलं, हे एवढं उरलंय. हे वाक्य मला कुठून माहीत असणार, याचा विचार कर. तारेसारखं नाही. एकेचाळीस नंबरचा अर्ज कोणाचा ते मला आता कळलंय. तुझ्या वाट्याचं पुढचं वाक्य पाठव. ती जेवत नाही.

२२ सप्टेंबर

ठमे,

परत आलेली दोन्ही पत्रं आणि न टाकलेली दोन्ही सोबत ठेवली आहेत. वाचायची की नाही ते तू ठरव. त्यात मी खोटं कुठे बोललो तेही तसंच ठेवलंय.

तुझा कागद सोळाला मिळाला. नमस्कार नाही, चौकशी नाही, नुसत्या ओळी, आणि प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी जागा. खाली तीन सूचना: ‘तिचं वाक्य झाल्याशिवाय पुढचं वाचू नये. रिकाम्या जागा ती म्हणेल तशा भरून कागद परत पाठवावा. पुस्तक माझ्याकडे आहे, मी ताडून बघेन.’ म्हणजे गठ्ठा बांधायच्या आधीच ते एक तू काढून नेलं होतंस. आणि म्हणजे तुझा अजून विश्वास नाही. नसावाच. जन्मभर मी लोकांच्या याद्या तपासल्या, आता माझी कोणीतरी तपासतंय, हे रास्तच झालं.

कागद घेऊन मी पलंगाशेजारी बसलो. तिने दोन दिवसांत वाक्य म्हटलं नव्हतं. मी वाट पाहिली. मीच सुरुवात करावी असं दहादा वाटलं, पण तुझी सूचना होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होतो तेव्हा ती म्हणाली, ‘पाणी उतरलं की मी येईन, असं तो म्हणाला होता.’ आणि थांबली.

मी तुझी ओळ वाचली: ‘पाणी उतरलं, पुन्हा चढलं, पुन्हा उतरलं.’

तिने मान वळवली. माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण मी काहीतरी बरोबर बोललोय असं तिला प्रथमच वाटलं असावं. ओठ हलले, आवाज आला नाही, पुन्हा हलले. आणि ती म्हणाली, ‘ती रोज जाऊन दगडावरची ओल बघायची.’

मी पेन शोधत राहिलो. पेन माझ्या हातातच होतं.

तू: ‘ओल कुठवर आली ते तिला बोटांवर सांगता यायचं.’

आई: ‘लोक म्हणाले, वेडी आहे.’

तू: ‘ती म्हणाली, असेन.’

आई: ‘पण दोर मी सोडणार नाही.’

इतकं झाल्यावर ती दमली. मी वाटीतली पातळ पेज भरवली, पाच चमचे गिळले. बोलणं शिकवणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या तर दारातच बसून ऐकत राहिल्या. जाताना म्हणाल्या, ‘हे पुस्तक कोणी सुचवलं तुम्हाला, काका?’ मी म्हटलं, मुलीने.

पुढच्या दोन दिवसांत तीन जागा भरल्या. तिच्या तोंडून जसं आलं तसं मी कागदावर उतरवलंय. एका ठिकाणी ती अडखळली आणि शब्द मागेपुढे झाले, तेही सुधारलेले नाहीत. मला सुधारता आलेच नसते. ते पुस्तक मी वाचलेलं नाही.

राहिली शेवटची जागा. त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण ताडताना तू तिथे अडशील.

तुझी ओळ अशी आहे: ‘तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कोणीतरी विचारलं, कोण आहे तिथे?’ ही मी वाचली आणि ती पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता दाराकडे बघायला लागली. मी थांबलो. सूचनेप्रमाणे थांबलो. काल सगळा दिवस तसाच गेला. आज सकाळी ओळ पुन्हा वाचली. तिने डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि एक शब्द म्हणाली. जवळजवळ दोन महिन्यांनंतर मी ऐकलेला हा पहिला एकटा शब्द. मी तो रिकाम्या जागेत लिहिलाय.

‘ठमी.’

पुस्तकात तिथे काय आहे ते मला माहीत नाही. तू ताडून बघ. चूक असेल तर लाल शाईने खूण कर, पण ती इथे येऊन कर.